लासलगावला निघण्याआधी

चिरंजीव मुली,

अनेक आशीर्वाद. लासलगावला चार दिवस जायचं आहे, तिथे काय काय बघू, असं तू विचारलंस. ठिकाणांची यादी देत नाही, एक काम देणार आहे. बाजार समितीत शिरलेली कांद्याची एक ट्रॉली निवड. ती जिकडून आली आणि जिकडे जाणार, त्या दोन्ही वाटांनी तिच्या मागे जा. गाव, शिवार, पाणी, कांदा साठवायची चाळ, रेल्वेचा माल, राजकारण, सगळं त्या ट्रॉलीला बांधलेलं आहे. ट्रॉली सोडून नुसतं गाव बघत फिरलीस तर एक रस्ता, दोन चौक आणि खताची दुकानं दिसतील आणि दुपारपर्यंत कंटाळा येईल.

आधी जायचं कधी, ते ठरव. माझं मत जानेवारीचा दुसरा पंधरवडा. त्या दिवसांत चार गोष्टी एकाच वेळी चालू असतात: बाजारात लाल आणि रांगडा कांदा येत असतो (लाल, रांगडा, उन्हाळ हे हंगामांवरून पडलेले प्रकार, पुढे येतील), शेतात उन्हाळ कांद्याची लागवड संपत आलेली असते, द्राक्षाचे घड भरत असतात आणि नांदूरमध्यमेश्वरला पाहुणे पक्षी असतात. एप्रिल-मे मध्ये गेलीस तर उन्हाळ कांद्याची काढणी आणि चाळी भरणं दिसेल. तेही बघण्यासारखं आहे, पण दुपारी बाहेर पडता येत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत चप्पल रुतून बसते आणि मळ्यांचे कच्चे रस्ते बंद होतात. रविवार धरू नकोस, लिलाव नसतात. शनिवारी कामकाज कमी असू शकतं. दिवाळीत आणि मार्चअखेरीला व्यापाऱ्यांच्या हिशोबासाठी कांदा बाजार काही दिवस सलग बंद असतो. अमावास्येचीही चौकशी कर, कारण त्या दिवशी लिलाव न करण्याची जुनी पद्धत होती. निघायच्या आदल्या दिवशी बाजार समितीत फोन करून "उद्या कांद्याचे लिलाव आहेत ना?" एवढं विचारलंस तरी पुरे.

जानेवारीत तिथली थंडी हलक्यात घेऊ नकोस. निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेला पारा काही वर्षी ५ अंशांच्याही खाली जातो आणि राज्याच्या बातम्यांत झळकतो. पहाटे स्वेटर आणि कानटोपी लागेल, अकरा वाजता दोन्ही पिशवीत जातील. बूट बंद घाल. रुमाल किंवा ओढणी नाका-तोंडावर बांधता येईल अशी घे, कारण बाजारात कांद्याच्या पापुद्र्यांचा बारीक धुरळा उडत असतो आणि पहिल्याच तासात घसा धरतो. बाकी छोटी वही, पेन, पाण्याची बाटली आणि सुट्टे पैसे.

लासलगाव मुंबई–भुसावळ लोहमार्गावर आहे, नाशिक रोड आणि मनमाडच्या मधे. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत, त्यामुळे नाशिक रोड किंवा मनमाडला उतरून एसटीने जाणं सोपं. नाशिकहून अंतर साठेक किलोमीटर. रस्त्याने येताना निफाड, मग विंचूर, आणि विंचूरहून आत वळून सहाएक किलोमीटर. राहायला नाशिकला खोली घेण्याचा मोह टाळ. तिथून रोज ये-जा केलीस तर बाजाराची पहाट हुकते, आणि पाहायचं असतं ते पहाटेच. गावात लॉज मोजके आहेत. खोली आधी बघून घे, गरम पाणी किती वाजता मिळतं ते विचार. ओळखीच्या कुणाच्या घरी सोय होत असेल तर ती घे आणि त्या घराच्या वेळा पाळ.

आता बाजार. लासलगावची बाजार समिती १ एप्रिल १९४७ ला सुरू झाली. आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ती ओळखली जाते, आणि निफाड, विंचूर हे तिचे उपबाजार आहेत. इथला कांदा गोणीत न भरता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये मोकळाच येतो. वाहनं रात्रीपासून, पहाटेपासून आवारात रांगेला लागतात. लिलाव साधारण नऊच्या सुमारास सुरू होतात, दुपारी जेवणाची सुट्टी होते आणि पुन्हा दुसरं सत्र. तू साडेसातला आवारात हो. लिलावाआधीचा तो दीड तास फार मोलाचा आहे, कारण शेतकरी ट्रॉलीपाशी रिकामा उभा असतो आणि बोलायला त्याच्याकडे वेळ असतो. एकदा लिलावाचा घोळका जवळ आला की त्याचं लक्ष दुसरीकडे लागतं. तेव्हा एक शब्दही विचारू नकोस.

बोलणं सुरू करायची रीत साधी आहे. "राम राम दादा, कोणत्या गावचे?" माणूस वयस्कर असेल तर काका किंवा बाबा, बाई असेल तर ताई नाहीतर मावशी. मग ते तुला विचारतील: कुठली, कुणाची, काय करतेस, आडनाव काय. हे प्रश्न खासगी वाटले तरी चिडू नकोस. तिथे अनोळखी माणसाला आधी ठिकाणावर बसवतात, मग बोलतात. सरळ आणि पूर्ण उत्तर दे. "किती एकर जमीन आहे?" हा प्रश्न मात्र पहिल्या भेटीत विचारू नकोस, तो पगार विचारण्यासारखा आहे. "यंदा कांदा किती लावला?" असं विचार. एकराचं उत्तर त्यातच मिळतं आणि कुणाला अवघड होत नाही.

लिलाव कसा चालतो ते नीट समजून घे. बाजार समितीचा माणूस आणि व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी येतो. व्यापारी ट्रॉलीवरचा कांदा हातात घेतात, दाबून बघतात, एखादा कापतात. बघतात काय? आकार एकसारखा आहे का, रंग टिकलाय का, पत्ती किती आहे म्हणजे वरचं साल घट्ट आणि दुहेरी आहे की सुटलेलं, मान बारीक सुकलेली आहे की जाड आणि ओली, जोड कांदा किती, डोंगळ्याचा किती, काजळी, म्हणजे सालावरची काळी बुरशी, आहे का. डोंगळा म्हणजे कांद्यातून वर आलेला फुलाचा दांडा. तो आलेला कांदा आतून पोकळ-दांडेरी होतो आणि टिकत नाही. गोल्टी म्हणजे बारीक कांदा, तिचा भाव वेगळा. हे सगळं काही सेकंदांत उरकतं, बोली वर जाते, थांबते, आणि भाव पुकारला जातो. भाव नेहमी क्विंटलचा, म्हणजे १०० किलोचा. तू "किलोला किती?" असं विचारलंस की नवखी आहेस हे कळतं. त्यात वाईट काही नाही, पण पुढची उत्तरं तुला सोपी करून दिली जातात आणि खरा तपशील गळतो.

इथे तीन गोष्टी कटाक्षाने पाळ. पहिली, घोळका आणि ट्रॉली यांच्या मधे उभी राहू नकोस. दुसरी, कुणाच्याही मालाबद्दल मत देऊ नकोस. "अरे, हा जरा ओला वाटतो" असं तू सहज म्हणशील आणि ते बोली लावणाऱ्याच्या कानावर पडेल. क्विंटलमागे पन्नास रुपये उतरले तर तीस क्विंटलच्या ट्रॉलीमागे दीड हजार गेले. फोटोसुद्धा भाव फुटल्यावर, म्हणजे ठरल्यावर, आणि विचारून काढ. तिसरी, ट्रॉलीच्या मागे कधीही थांबू नकोस. ट्रॅक्टर मागे घेताना चालकाला ट्रॉलीमागचं काही दिसत नाही, आवारात आवाज इतका असतो की तुझी हाकही पोचत नाही, आणि जोडीला दोन ट्रॉल्या असतील तर मागची कुठे वळेल याचा अंदाज चुकतो. ट्रॅक्टरच्या बाजूने, चालक तुला बघू शकेल अशा ठिकाणी राहा.

भाव फुटला की लोक समजतात काम झालं. तिथून पुढचंच जास्त शिकण्यासारखं आहे, म्हणून निवडलेल्या ट्रॉलीबरोबर पुढे जा. शेतकऱ्याला सौद्याची चिठ्ठी मिळते. ट्रॉली आधी भुईकाट्यावर भरलेली तोलली जाते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवून निवडायच्या जागेवर, रिकामी होते, मग पुन्हा रिकामी तोलली जाते. समज भरलेलं वजन ४,८५० किलो आणि रिकामं १,९५० किलो, तर माल २,९०० किलो, म्हणजे २९ क्विंटल. भाव १,५०० चा फुटला असेल तर ४३,५०० रुपये. त्यातून हमाली, तोलाई वगैरे कपात किती आणि ती कुणी सोसायची, यावर नाशिक जिल्ह्यात वेळोवेळी वाद झालेले आहेत, लिलावही बंद पडलेले आहेत. तू बाजू न घेता हिशोबपट्टी वाचायला शीक: वजन, भाव, कपात, हाती आलेली रक्कम. पट्टीचा फोटो मागू नकोस, त्यावर माणसाचं नाव असतं. आकडे वहीत उतरवून घेऊ का, असं विचार.

खळ्यावर बिघडतं ते असं. ट्रॉलीच्या वरच्या थराला एक माल आणि खाली दुसरा निघाला की व्यापारी ठरलेला भाव द्यायला कां-कूं करतो. कधी शेतकऱ्याने खरोखरच तोंडावर चांगला माल लावलेला असतो. कधी एकाच चाळीतला खालचा थर ओल धरून खराब झालेला असतो आणि भरणाऱ्या मजुरांनी तो निवडलेलाच नसतो, म्हणजे शेतकऱ्यालाही ते तिथेच कळतं. असा वाद बाजार समितीच्या माणसापुढे जातो आणि बहुतेकदा भाव थोडा तोडून मिटतो. अशा वेळी दहा पावलं लांब राहा. भांडणाचं चित्रीकरण केलंस तर त्या दिवसापुरती तुझी सगळी दारं बंद झाली म्हणून समज.

खळ्यावर आणखी तासभर काढ. तिथे कांद्याची प्रतवारी बायका करतात. मोठा, मध्यम, गोल्टी, खराब असे ढीग त्यांच्या हाताने पडतात, जाळीदार गोण्या भरल्या जातात, शिवल्या जातात, ट्रकमध्ये चढतात. काही माल रेल्वेच्या मालगाडीने लांबच्या राज्यांत जातो, काही परदेशी. या बायकांशी बोलायचं असेल तर त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत बोल. काम किलोवर किंवा गोणीवर मोजलं जात असेल तर तुझ्या दहा प्रश्नांत त्यांची मजुरी जाते. आणि तू बाई आहेस, तेव्हा एक व्यवहाराची गोष्ट: बाजार आवारातल्या स्वच्छतागृहावर भिस्त ठेवू नकोस. सोय कुठे आहे ते या बायकांनाच विचार, त्या बरोबर सांगतात.

आता ट्रॉलीच्या मागच्या वाटेने मळ्यावर जा. या भागात बरीच कुटुंबं गावठाणात न राहता शेतातच घर बांधून राहतात, त्याला मळा किंवा वस्ती म्हणतात. सकाळी ज्याच्याशी बोललीस त्याला "तुमच्या मळ्यावर उद्या आले तर चालेल का, कामाचा खोळंबा नको" असं विचार. तो "या की" म्हणेल. वेळ त्यालाच ठरवू दे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला माणूस पाणी भरायला जागलेला असेल तर सकाळी आठला तू जाऊन उभी राहणं म्हणजे त्याची झोप मोडणं.

कांद्याचे तीन हंगाम डोक्यात पक्के ठेव, नाहीतर मळ्यावर ऐकलेलं काहीच लागणार नाही. खरिपाचा लाल कांदा पावसाळ्यात लावतात आणि दिवाळीच्या आगेमागे काढायला सुरुवात होते. रांगडा त्यामागून लावतात, तो जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. उन्हाळ कांदा डिसेंबर-जानेवारीत लावतात आणि एप्रिल-मे मध्ये काढतात. या तिघांत मोठा फरक टिकण्याचा. लाल कांद्यात पाणी जास्त, तो थोड्या आठवड्यांत विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत चार ते सहा महिने राहतो. "भाव नाही तर थांबायचं ना" असं शहरातला माणूस सहज म्हणतो. लाल कांद्याला थांबायची सोयच नसते, हे तू तिथे जाण्याआधीच समजून जा.

लागवड बघायला मिळाली तर बांधावर उभी राहून बघ. उळे, म्हणजे कांद्याचं बी, रोपवाटिकेत टाकतात. एकराला साधारण ३ ते ४ किलो लागतं. सहा ते आठ आठवड्यांनी रोप लावायला येतं. ओळीत १५ आणि रोपांत १० सेंटिमीटर अंतर धरून बायका वाफ्यात वाकून एकेक रोप लावतात. काम बहुधा एकरावर उक्तं घेतलेलं असतं आणि टोळी एका लयीत पुढे सरकत असते. लागवडीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबवणीचं हलकं पाणी देतात. अशा ओल्या वाफ्यात पाय टाकू नकोस. रोप अजून धरलेलं नसतं, आणि काळ्या मातीत उमटलेला पावलाचा खड्डा वाळून घट्ट बसतो. रोप हातात घेऊन बघायचं असेल तर लावायला आणलेल्या जुडीतलं माग.

काढणीचं शास्त्र चाळीपाशी उभं राहून विचार, तिथे ते जास्त कळतं. अर्ध्याअधिक कांद्यांच्या माना पडल्या की पाणी तोडून काढणी करतात. काढलेला कांदा शेतातच ओळीने असा लावतात की पुढच्याची पात मागच्या कांद्यावर येऊन ऊन अडवेल. तीन ते पाच दिवसांनी इंच-दीड इंच मान ठेवून पात कापतात आणि सावलीत पंधरवडाभर सुकवतात. मान फार जवळून कापली तर तिथून बुरशी शिरते. शेवटच्या महिन्यात युरिया जास्त पडला तर मान जाड राहते, सुकत नाही, आणि तो कांदा चाळीत पहिल्यांदा सडतो. चाळीचा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला हवा, म्हणजे खालून हवा खेळते. कांद्याचा थर चार-पाच फुटांच्या वर गेला की तळचा दाबाने आणि उबेने खराब होतो. एकपाखी (एका ओळीची) चाळ दक्षिणोत्तर आणि दुपाखी (दोन ओळींची) पूर्व-पश्चिम बांधायची शिफारस आहे. प्रत्यक्षात जागा मिळेल तशा बांधलेल्या दिसतील. चाळीजवळ गेल्यावर आधी वास घे. सडका वास आला तर घरच्या माणसाला तो तुझ्याआधीच कळलेला असतो. तोंडावर बोलून दाखवू नकोस.

बी कुठलं, असं विचारलंस तर बहुतेक जण "घरचं" म्हणतील. ती अभिमानाची गोष्ट आहे, पुढे विचार. या परिसराची नावं वाणांनाही लागलेली आहेत: एन-५३ आणि एन-२-४-१ मधला एन निफाडचा, बसवंत-७८० हे नाव पिंपळगाव बसवंतवरून.

भावाचा विषय निघेलच, आणि तो निघाला की निर्यातीवर जाईल. तारखा माहीत असू देत. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी झाली. ती ४ मे २०२४ ला उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. मघाची लाल कांद्याची गोष्ट यापुढे ठेवून बघ. बंदी आली तेव्हा बाजारात लाल कांदा होता, साठवता न येणारा. लोक अजून त्याबद्दल का बोलतात ते तुला वेगळं विचारावं लागणार नाही. तू ऐक, लिहून घे. शहरात कांदा महाग झाला की काय होतं हे त्यांना सांगत बसू नकोस, ते त्यांनी खूपदा ऐकलेलं आहे.

लासलगावातच भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे, २००२ मध्ये सुरू झालेलं. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला ६० ते ९० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) मात्रा दिली की कोंब फुटायचे थांबतात. सडणं त्याने थांबत नाही, हा फरक ध्यानात ठेव, कारण गावातही यावर गैरसमज ऐकू येतात. कांद्यासाठी उभं राहिलेलं हे केंद्र आंब्यासाठी जास्त प्रसिद्ध झालं: २००७ मध्ये अमेरिकेचा बाजार भारतीय आंब्याला पुन्हा उघडला तेव्हा तिथे गेलेले आंबे इथून विकिरण होऊन गेले. त्यांना मात्रा ४०० ग्रेची, कारण तिथे फळातल्या किडीचा बंदोबस्त करायचा असतो. आत जायला आधी लेखी परवानगी लागेल. ती नसेल तर फाटकाशी हुज्जत घालू नकोस.

द्राक्षबाग बघायला उगाव, शिवडी, पिंपळगाव बसवंतच्या बाजूला जा. बागेची पहिली चौकशी एकच: "फवारणी कधी झाली?" आज झाली असेल तर आत जाऊ नकोस, उद्या जा. दुसरं, घडाला हात लावू नकोस. मण्यांवर पांढरट नैसर्गिक थर असतो, बोट लागलं की तो पुसला जातो आणि निर्यातीच्या मालात तो डाग धरला जातो. मालकाने तोडून दिलं तरच खा, तेही धुऊन. मांडवाच्या तारा डोक्याच्या उंचीला असतात, वाकून चाल. वेलीचं वर्ष दोन छाटण्यांत विभागलेलं असतं: एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी फळासाठी. फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस आला तर फुलोऱ्यात कुज आणि डावणी हा बुरशीचा रोग, मणी भरल्यावर आला तर तडे. म्हणून जानेवारीत आभाळ भरून आलं की इथली माणसं बोलता बोलता मधेच वर बघतात.

पाणी बघायचं तर पहाटे नांदूरमध्यमेश्वर गाठ, लासलगावहून पंचवीसेक किलोमीटर. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा झाला, त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि उथळ पाण्याचं, बेटांचं, दलदलीचं क्षेत्र तयार झालं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, जानेवारी २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. खाणगाव थडी आणि चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. सूर्य पाठीशी राहील असा मनोरा निवड, नाहीतर सगळे पक्षी काळे दिसतात. सोबत स्थानिक मार्गदर्शक घे आणि त्याचा मोबदला आधी ठरव. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चित्रबलाक, शेकाट्या, वारकरी दिसण्याची शक्यता चांगली. धरणं आणि कालव्यांचं आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, इथे थेट दिसतं: पाणी पूर्ण भरलेलं असेल तर चिखलात चरणारे पक्षी पांगतात, पाणी उतरलं की उथळात गोळा होतात. पक्षी कमी दिसले तर पाणी किती आहे ते आधी विचार, मग निराश हो. याच पाण्यावर पुढची शेती उभी आहे, तेव्हा कालव्याच्या कडेने थोडी चाल.

बिबट्याची गोष्ट गांभीर्याने घे. गोदाकाठच्या उसात बिबट्यांचा वावर आहे आणि निफाड तालुक्यात माणसांवर हल्ले झालेले आहेत. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेने पायी जाऊ नकोस, पहाटे अंधारातही नाही. जायचंच असेल तर वाहनाने आणि सोबतीने. विहिरींचंही तसंच, कित्येकींना कठडा नसतो आणि काठाची माती सुटलेली असते. फोटोसाठी पुढे सरकू नकोस. मळ्यावरची कुत्री बांधलेली नसतात: लांबूनच हाक मार, घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत थांब.

चौथा दिवस मोकळा असेल तर येवला, तीस-पस्तीस किलोमीटर. तात्या टोपे यांचं जन्मगाव, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती भूमी. मुक्तिभूमीवर जाऊन ये. पैठणीचे हातमाग घराघरात आहेत. माग बघायला मागितलं तर लोक दाखवतात, पण घ्यायची नसेल तर तसं आधीच सांग, दहा साड्या उलगडू देऊ नकोस. हातमागाची पैठणी उलटून बघ, पदराची नक्षी मागच्या बाजूनेही तशीच स्वच्छ दिसते. चांदवडचा होळकरांचा रंगमहाल दुसऱ्या बाजूला आहे, दोन्ही एका दिवसात कोंबू नकोस.

देण्याघेण्याचं थोडं. चहा नाकारू नकोस, साखर नको असेल तर आधीच सांग. जेवायला बसवलं तर त्या घरच्या बायकांचं जेवण राहिलंय का ते बघ आणि उशिरा आलेली असशील तर हात धुऊन मदतीला लाग. पैसे देऊ नकोस, ते लागतात मनाला. कुणी मोटारसायकलवर दिवसभर फिरवलं तर पेट्रोल भरून दे, ते चालतं. निघताना पिशवीभर कांदे देतील. चार-पाच किलो घे आणि गोणीला हात जोड. लाल कांदा असेल तर प्रवासात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नकोस, घाम सुटून दोन दिवसांत वास मारतो.

ज्यांचे फोटो काढशील त्यांना ते छापून पाठव. मोबाईलवर पाठवलेला फोटो तरुण मुलांकडेच राहतो, छापलेला घरात भिंतीवर लागतो. पत्ता घेताना गाव, तालुका एवढ्यावर थांबू नकोस. एका आडनावाची पन्नास घरं एका गावात असतात, म्हणून वडिलांचं नाव आणि मळ्याचं किंवा वस्तीचं नाव तिथेच, त्यांच्यासमोर, वहीत लिहून घे आणि वाचून दाखव.

आशीर्वादांसह.